परतीच्या बोलीवर आणलेला कॅमेरा

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीणबाई, लोकांची घरं हलवतात. ट्रक, हमाल, दोरखंड हे सगळं दुसरे लोक बघतात. वन्संचं काम त्याच्या आधीचं आणि त्याच्या नंतरचं. घर बदलणाऱ्याच्या घरी जायचं, एकेक कपाट उघडून त्याच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभं राहायचं, मग बांधाबांध करायची. आणि नव्या घरात सगळं असं लावायचं की मालकिणीने दिवा न लावता हात घातला तरी सुईदोऱ्याचा डबाच हाताला लागावा. कुठलंही कपाट त्या तीन मजल्यांत वाटून लक्षात ठेवतात. "वर पाहुणे, मध्ये रोजचे, खाली रुसलेले," असं पुटपुटत. रुसलेले म्हणजे झाकण हरवलेले डबे, कान तुटलेले कप, आहेरात आलेली आणि कुणालाच न आवडलेली भांडी. "रुसलेले लोक फेकायचे नसतात ग," त्या म्हणतात, "त्यांना फक्त जागा बदललेली खपत नाही."

या कामात वन्संची कधी चूक झाली नव्हती. पण गेल्या वर्षी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचं स्वयंपाकघर त्यांनी हुबेहूब लावून दिलं, फक्त ते डॉक्टरीणबाईंचं नव्हतं. त्याच्या आधीच्या गिऱ्हाइकाचं होतं. दोन घरं डोक्यात एकावर एक बसली. डॉक्टरीणबाई स्वभावाने मोकळ्या. चमच्यांच्या खणात मेणबत्त्या निघाल्यावर खो खो हसल्या आणि म्हणाल्या, "असू दे, मला नाहीतरी बदल हवाच होता." वन्संना मात्र हसू आलं नाही. घरी येऊन माझ्या ओट्याशी बसल्या आणि बराच वेळ नुसता गार झालेला चहा ढवळत राहिल्या.

"डोक्याचा भरवसा गेला की या धंद्यात राहिलं काय?" त्या म्हणाल्या. "दोरी काय कुणीही बांधतं."

मी म्हटलं, त्यात काय, फोटो काढत जा. माझा फोन घ्या.

तर पुढच्या कामाला त्या माझा फोन घेऊन गेल्या. संध्याकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर एका परक्या बाईचं उघडं कपाट आलं. आतल्या कपड्यांच्या खणासकट. कुठलं बटण कुठे दाबलं गेलं देव जाणे. चष्मा शोधायला वेळ लागतो म्हणून फोटो न बघताच उत्तर देणारे आमचे चुलत सासरे लगेच उत्तरले, "फार सुंदर! सहकुटुंब शुभेच्छा!" त्या कपाटाच्या मालकिणीला कळलं तेव्हा तिने वन्संना एवढंच विचारलं, "माझं कपाट आता कुणाकुणाच्या घरी आहे?" वन्संनी त्या दिवसापासून फोनला हात जोडले. स्वतःचा तर बटणांचाच, त्यावर फक्त बोलता येतं.

म्हणून मग आम्ही कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचे. त्यांचं दुकान रस्त्याच्या त्या बाजूने या बाजूला आलं तेव्हा काचेची कपाटं वन्संनीच लावली होती.

"मला असा कॅमेरा द्या की ज्याला फक्त फोटो काढता येतो," वन्संनी सांगितलं. "फोटो कुणाला पाठवता येता कामा नये."

"ताई, लोक उलटं मागतात."

"लोकांचे चुलते वेगळे असतील."

दुकानदारांनी कपाटाच्या मागच्या रांगेतून एक छोटं खोकं काढलं. आत साबणाच्या वडीएवढा काळा कॅमेरा. बटण दाबलं की भिंग गोगलगायीसारखं मान बाहेर काढायचं. वन्संनी तो भाजी निवडावी तसा निवडला. तळहातावर तोलला, कानाशी नेऊन हलवला, मुठीत धरून बघितला, एका हाताने चालू होतो का ते पाहिलं. "माझा दुसरा हात नेहमी कशात तरी अडकलेला असतो," त्या म्हणाल्या. मग धुळीच्या बोटांनी बटण दबतं का, म्हणून त्यांनी दुकानाच्या फळीमागे बोट फिरवून ते आधी मळवून घेतलं. दुकानदार जरा ओशाळले.

"मोठं, चांगलं मॉडेलही आहे," ते म्हणाले. "हा अगदी साधा. कमी उजेडात जरा चाचपडतो, आणि भिंगात एका वेळी फार मावत नाही."

"मीही तशीच आहे. पण घेण्यासारखा आहे का नाही ते दुकानात कसं कळणार? एक काम करून बघते. पटला तर ठेवते, नाहीतर परत."

दुसऱ्या कुणाला ते असं देते ना. पण आपलं दुकान ज्या बाईने एक काचही न तडकवता उचलून आणलं तिला नाही कोण म्हणणार? कॅमेरा परतीच्या बोलीवर घरी आला.

आधी परीक्षा आमच्या घरी झाली. त्यात कॅमेऱ्यापेक्षा आमचीच जास्त शोभा झाली. वन्संनी माझ्या ओट्याखालचं कपाट टिपलं, सगळं बाहेर काढलं आणि पडद्यावर बघून परत लावलं. बरोबर लागलं. फक्त लावताना त्या मला विचारत होत्या, "हे कुस्करलेलं काय आहे? हे मुद्दाम ठेवलंयस की पडून राहिलंय?" मग मोर्चा माझ्या नवऱ्याच्या टेबलाच्या खणाकडे वळला.

"ताई, तो खण नको," हे पेपरातून तोंड न काढता म्हणाले.

"का रे? काय दडवलंयस?"

"काही नाही. पण त्यातल्या पसाऱ्याची मला सवय आहे."

"तेच तर! मला सवयच परत लावायची असते. पसारा काय, कुणीही लावेल."

खणाचा फोटो निघाला. स्टीलच्या डब्यांवर झगमगाट करणारा कॅमेऱ्याचा दिवा कसा बंद करायचा, फोटो पडद्यावर मोठा करून आतला एकेक डबा कसा बघायचा, हे वन्संनी संध्याकाळपर्यंत हातात बसवलं. चष्मा गळ्यात, कॅमेरा मनगटात. "बरा आहे," त्या म्हणाल्या. पण 'बरा' हे त्यांनी भावालाही म्हटलेलं आहे, त्यामुळे त्यावरून काही ठरत नव्हतं.

खरी परीक्षा टेलिफोनमावशींच्या घरी होती.

टेलिफोनमावशी म्हणजे जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेल्या बाई. दोघांचं बोलणं जोडायला हाताने तारा खोचाव्या लागत, त्या काळातल्या. आता ऐंशीच्या घरात, आणि डोळ्यांनी उजेड-अंधाराच्या पलीकडे फारसं दिसत नाही. तरी एकट्या राहत होत्या आणि झकास राहत होत्या, कारण त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू बोटांना पाठ होती. पण इमारत पाडायला निघाली आणि घर सोडणं आलं. मुलगा विमा कंपनीत. त्याला जिकडे-तिकडे अपघातच दिसतात. जिना दिसला की आधी पडलेला माणूस दिसतो. तो म्हणत होता, आई, आता माझ्याकडे चल. आणि मावशी म्हणत होत्या, तुझ्याकडे मला पाणीसुद्धा विचारून प्यावं लागतं.

शेवटी मायलेकांत तह झाला. मावशींनी नवीन छोटी जागा घ्यायची. मुलाने तिथे जुन्या घरातल्यासारख्याच फळ्या, त्याच उंचीवर बसवून द्यायच्या. आणि पहिल्या सकाळी मावशींनी कुणी काही न सांगता, न दाखवता स्वतःचा चहा स्वतः करायचा. जमलं तर तिथे राहायचं. नाही जमलं तर त्याच दिवशी बॅग उचलून मुलाकडे.

"म्हणजे चहा करणार मी," मावशी वन्संना म्हणाल्या, "पण नापास होशील तू."

"मावशी, असं बोलून माझे हात गार करू नका."

"गार हाताने काम नीट होतं. गरम डोक्याने होत नाही."

मी मदतीला गेले होते. मी आतल्या खोलीत चादरी बांधत होते आणि वन्सं स्वयंपाकघरात. स्वयंपाकघर कसलं, बोळच तो. एका भिंतीला ओटा आणि त्यावर फळ्या; समोर पाठ टेकेल इतक्या अंतरावर आरशाचं लोखंडी कपाट. कॅमेऱ्यात फळीचा तुकडाच यायचा. पुढे सरकलं तर ओटा, मागे सरकलं तर कपाटाची मूठ पाठीत. तुकड्यातुकड्याने फोटो काढावेत, तर कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला जोडायचा? मावशींचे डबे सगळे एकसारखे, नावं नाहीत. कुणाच्या गळ्यात दोरा, कुणाला पोचा, कुणाच्या झाकणावर रबर. वन्संची आत चाललेली चिडचिड मला ऐकू येत होती.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाहेरून मावशींनी टोमणा मारला.

"अंगण वाकडं नाही हो मावशी, अंगणच नाही!"

आणि मग एकदम आरोळी आली, "जमलं! अगं, इकडे ये, सगळ्या फळ्या एका फोटोत!"

वन्संनी शक्कल लढवली होती. फळ्यांकडे पाठ केली, अंग चोरून कडेला उभ्या राहिल्या आणि समोरच्या कपाटाच्या आरशात सबंध फळ्या दिसत होत्या त्यांचाच फोटो काढला. पडद्यावर खरंच सगळं होतं, डबे, बरण्या, गाळणी, कप, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कडेला वन्संचं कोपरही आलं होतं. मी मनापासून वाहवा केली. दोन शिकलेल्या, संसारी बायका. पण आरसा काय करतो हे तेव्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. आरशात बघून आम्ही रोज भांग पाडतो, तरीही.

नव्या घरी फळ्या लावायला घेतल्या तेव्हा कॅमेरा माझ्या हातात होता. मी पडद्यावर फोटो मोठा करून एकेक डबा शोधायची आणि सांगायची, "उजव्या टोकाला लाल दोरावाला. त्याच्या शेजारी पोचा आलेला." वन्संचा हात लाल दोरावाला डबा घेऊन डाव्या टोकाकडेच जायचा आणि मध्येच थांबायचा.

"नीट बघ. उजव्या?"

"उजव्याच. हे बघा ना."

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. डबा उजवीकडे ठेवला. पण हात तिथून लगेच काढला नाही.

"काय झालं?"

"माझं डोकं म्हणतंय डावीकडे." मग स्वतःवरच वैतागल्यासारख्या म्हणाल्या, "पण माझं डोकं मेणबत्त्याही चमच्यांत ठेवतं. फोटो म्हणतोय तसंच लाव."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. वन्सं त्या दिवशी सबंध फळ्या फुंकून फुंकून लावत होत्या. वरची झाली, मधली झाली, खालची झाली. काम इतकं चोख की पडद्यावरचा फोटो आणि समोरच्या फळ्या, सुताचा फरक नाही. तरी जाताना त्या दारातून दोनदा मागे वळून बघून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा मुलगा दाराजवळच्या खुर्चीत बसला होता, आणि त्याच्या पायाशी एक रिकामी बॅग होती. त्याने ती मुद्दाम आणली होती असं नाही म्हणत मी. पण विमावाल्यांची तयारी असते.

"सुरू करू का?" मावशींनी विचारलं. शर्यतीला उभं राहावं तशा उत्साहात होत्या. ओट्याच्या कडेवरून हात फिरवत त्या मधोमध उभ्या राहिल्या. पातेलं भिंतीवरच्या खुंटीला होतं, ते मिळालं. पाणी ओतलं, शेगडी पेटवली. मग डावा हात सवयीने उचलला, मधल्या फळीच्या टोकाला गेला आणि डबा घेऊन आला. झाकण उघडून त्यांनी नाकाशी नेलं.

मीठ.

वन्संनी माझा दंड धरला. पुढे आठवडाभर तिथे हिरवं होतं.

मावशींनी डबा जागेवर ठेवला. शेजारचा काढला, हुंगला. हळद. मुलगा खुर्चीत सरसावून बसला.

"आई—"

"गप्प. लाइनवर आहे मी," मावशी म्हणाल्या.

"आई, शेगडी चालू आहे."

"मला ऐकू येतंय ती. तुझ्याहून कमी आवाज करते."

वन्सं न राहवून म्हणाल्या, "मावशी, माझं चुकलं—"

"तूही गप्प. सांगायचं नाही, ठरलंय ना?"

मावशींनी आता काहीही उचललं नाही. नुसती बोटं फळीवरून नेली. दोरा, पोचा, रबर, गुळगुळीत, परत दोरा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलट. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत गेल्या आणि त्या हसायला लागल्या. आधी बारीक, मग खांदे हलवून.

"अगं बाई! हिने सगळंच्या सगळं फिरवून ठेवलंय. एकही डबा सुटलेला नाही! असली शिस्तीची चूक मी जन्मात पाहिली नाही."

आणि मग त्यांनी काय करावं? डावा हात पाठीशी नेला, जसं काही तो घरीच ठेवून आल्या आहेत. उजव्या हाताने उजवं टोक धरलं आणि तिथून मोजत आल्या. चहाचा डबा. साखर. वरच्या फळीवरून गाळणी. कप. आधी जिथे डावं होतं तिथे उजवं. एकदा एवढं समजल्यावर त्यांची बोटं अडखळलीच नाहीत. चहा उकळला, गाळला गेला, बाहेर थेंब सांडला नाही. कप मुलाच्या हातात देत त्या म्हणाल्या, "घे. आणि साखर कमी आहे म्हणू नकोस, तुझ्या पोटाकडे बघून घातलीय."

"तुला माझं पोट कुठे दिसतं?"

"खुर्ची सांगते. किती कुरकुरते बघ."

मुलाने चहा प्यायला. मग म्हणाला, "पण आई, सगळं उलटं लावलं होतं. तुझी अट होती की—"

"अट होती की मी कुणाला न विचारता चहा करायचा. सरळ मांडलेल्या घरात कुणीही करेल. मी उलट्यात करून दाखवला. आता सांग, कोणता अपघात राहिला?"

त्याने विचार केला. त्याच्या धंद्यात इतका पक्का पुरावा फारसा येत नसावा. रिकामी बॅग काखोटीला मारून तो कामावर गेला, दारातून फक्त एवढंच म्हणाला, "शेगडी बंद केलीस ना?" ती मावशींनी केव्हाच बंद केली होती.

तो गेल्यावर वन्संनी कॅमेरा पर्समधून काढला, फोटो लहान करून पाहिला आणि कडेचं स्वतःचं कोपर दिसल्यावर कपाळावर हात मारला. "आरसा! अहो मावशी, आरशातला फोटो तो! फोटो काढणारी बाई स्वतःच फोटोत आहे, आणि मला कळलं नाही! काल लावताना डोकं डावीकडे म्हणत होतं, तरी मी फोटोचंच ऐकलं!"

"हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात," मावशी म्हणाल्या, "तू तर मिठाच्या डब्याला दाखवलास. चल, आता मला सरळ लावून दे. पण ते यंत्र बघायचं नाही."

"नको मावशी. डोक्यावर विसंबून मी—"

"काल तुझं डोकं काय म्हणत होतं? डावीकडे ना? खरं तेच होतं की. मग?"

वन्सं फळ्यांसमोर उभ्या राहिल्या. आधी डोळे मिटले, मग उघडले, आणि हात चालायला लागले. मला काही विचारलं नाही. मावशी स्टुलावर बसून नुसत्या डबे टेकल्याच्या आवाजावर मान डोलवत होत्या. सगळं लागल्यावर त्यांनी उठून फळीवरून बोटं फिरवली. "हं. हं. बरोबर. हं." आणि मग बोट एका जागी थांबलं. "हा नाही."

रबरवाला डबा आणि त्याच्या शेजारचा, या दोघांची अदलाबदल झाली होती. मी कॅमेऱ्यात पाहिलं, या वेळी मनात उलट करून. कॅमेरा बरोबर होता, वन्सं चुकल्या होत्या. एकाच ठिकाणी, पण चुकल्या होत्या.

मला वाटलं, आता त्या परत खचणार. पण त्यांनी दोन्ही डबे उचलले, जागा बदलल्या आणि हात झटकले. "म्हणजे एका ठिकाणी मी चुकले, आणि सगळीकडे तो," त्या म्हणाल्या. "हरकत नाही. मला वाटलं होतं याच्याहून वाईट असेल."

मावशी तिथेच राहिल्या. त्या अजून एकट्याच राहतात. मुलगा रविवारी येतो, फळ्यांकडे संशयाने बघतो आणि चहा पिऊन जातो.

त्या दिवशी परतताना आम्ही दुकानात गेलो. दुकानदारांनी आमच्याकडे आणि खोक्याकडे पाहून ओळखायचा प्रयत्न केला.

"काय मग ताई? परत?"

"काम केलंन् त्याने. विचारलं तेवढंच सांगतो, आपणहून काही म्हणत नाही. उलटं विचारलं तर उलटं सांगतो."

"भिंगात कमी मावतं म्हणालो होतो मी. त्या मोठ्या मॉडेलमध्ये सबंध भिंत येईल बघा. दाखवू?"

वन्संनी त्या मोठ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. हातात घेतला, तोलला. मला वाटलं, घेणार. पण त्यांनी तो अलगद परत काचेवर ठेवला.

"नको. सगळं एकदम मावलं की मी बघायचंच सोडून देते. याच्यासाठी मला दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे सरकावं लागतं. सरकता सरकता लक्षात राहतं. हाच द्या. आधी मी बघेन, मग हा बघेल, आणि लावून झाल्यावर आम्ही दोघं भांडू."

दुकानदारांनी खोक्यातून माहितीपुस्तक काढून पुढे केलं. जाडजूड, बारीक अक्षरांचं. "हे राहिलं होतं तुमचं. वाचून ठेवा, कधी काही चुकलं तर."

"ते तुमच्याकडेच असू दे," कॅमेऱ्याची दोरी मनगटात अडकवत वन्सं म्हणाल्या. "याचं कुठे चुकतं ते मला कळलंय आणि माझं कुठे चुकतं ते याला. संसाराला तेवढं पुरतं."